भरली हाये, भरली घेतली

आमच्या घरात बंदूक एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते तेव्हा बोलायची एक रीत आहे. देणारा म्हणतो, "भरली हाये." घेणारा म्हणतो, "भरली घेतली." बंदूक भरलेली असो की रिकामी, शब्द हेच. आत्ताच सगळ्यांसमोर वाजवून झाली असेल तरी हेच. यामागचा विचार साधा आहे. बंदूक रिकामी आहे असं जो धरून चालतो, त्याच्याच हातून घात होतो. म्हणून माझ्या पणजोबांनी घरापुरता कायदाच करून टाकला, की या घरात बंदूक कधी रिकामी नसतेच.

हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. मला उद्देशून मात्र ते कधी कुणी बोललं नाही. आजोबा बाबांना म्हणायचे, बाबा दादाला म्हणायचे. दादा तेव्हा एवढासा, बंदूक त्याच्याहून लांब, तरी तो छाती काढून "भरली घेतली" म्हणायचा आणि मी दाराशी उभी राहून जळायची. खरंच जळायची. त्याला त्या बंदुकीचं काडीचं कौतुक नव्हतं. हातात आली की लगेच विचारायचा, "आता ठेवून देऊ का?" मी घरामागे जाऊन तुराटीची बंदूक करायची आणि आमच्या शेळीला म्हणायची, "भरली हाये." शेळी उत्तर द्यायच्या ऐवजी तुराटीलाच तोंड लावायची.

आमचं गाव सावली तालुक्यातलं. पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मागे जंगल. बंदूक ठासणीची, आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधीचा बोळा, मग गोळी, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी लोखंडी गजानं ठासायचं. मागे घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, ठिणगी आत जाते आणि मग जे काय व्हायचं ते होतं. परवाना पिकाच्या राखणीचा. डुकरं धानात शिरली की अख्खं गाव आमच्या दाराशी यायचं, म्हणून ती घरची असून थोडी गावाचीही होती.

शिकारीचे दिवस मी पाहिले नाहीत. ते माझ्या जन्माआधीच संपले. पण बाबांनी पाहिले होते, आणि ते सांगायला लागले की थांबायचे नाहीत. शिकार झाली की वाटे पडायचे. हाकाऱ्यांचा वाटा, मारणाऱ्याचा वाटा आणि एक वाटा नुसता बंदुकीचा. तो वाटा बंदुकीजवळ पळसाच्या पानावर ठेवायचे आणि मग तो गावातल्या ज्या घरात कुणी आजारी असेल त्या घरी जायचा. बंदूक काही खात नाही, पण तिनं कुणाचं तरी पोट भरलं पाहिजे, असं आजोबांचं म्हणणं. मला हे फार आवडायचं. आजही आवडतं.

मग शिकारबंदी आली. कोतवालानं दवंडी दिली आणि आजोबांनी त्या दिवशी बंदूक चुलीवरच्या भिंतीला, दोन खुंट्यांवर आडवी टांगली. त्यानंतर ती वाजली नाही. ती दोनच कामांसाठी खाली यायची. धान पोटरीला आला की तेलाच्या फडक्यानं वरून पुसायला, आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायला. परवान्याची बंदूक निवडणुकीत घरी ठेवता येत नाही. आधी आजोबा आणि नंतर बाबा ती घेऊन ठाण्यात जायचे आणि टेबलावर ठेवताना म्हणायचे, "भरली हाये." पहिल्यांदा एक हवालदार दचकला होता म्हणे. पुढे सगळ्यांना सवय झाली. आताचे हवालदार तर आमच्याच भागातले, बरीच वर्षं त्याच ठाण्यात, ते हसत म्हणायचे, "भरली घेतली, भाऊ," आणि बंदूक कोपऱ्यात ठेवून द्यायचे.

मी तालुक्याच्या गावी, सावलीत राहते आणि बसवर कंडक्टर आहे. माझी गाडी रोज आमच्या गावावरून जाते. दादा हैदराबादला गेला तो तिकडचाच झाला, त्यामुळे गावची शेतीही मीच बघते. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत सुट्या टाकून चिखलात उभी असते. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं, हे आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या प्रवाशांना माहीत आहे. नवरा म्हणतो, "तुले बंदुकीची काय गरज?"

मागच्या निवडणुकीनंतर बाबा बंदूक परत आणायला गेले, तेव्हा मीही बरोबर होते. ठाणेदार नवे होते, तरुण, बोलायला सभ्य. त्यांनी बाबांचा हात पाहिला. पेन धरल्यावर तो थरथरतो. डोळेही अधू झालेत.

"बाबा, या वेळी घेऊन जा," ते म्हणाले, "पण पुढचं नूतनीकरण काही व्हायचं नाही. वारसाच्या नावावर करून घ्या. वारस तयार नसेल तर जमा करा. जमा झालेल्या बंदुका पुढे तोडतात, हे आधीच सांगून ठेवतो."

बाबांनी मान हलवली. घरी येऊन बंदूक पुन्हा खुंट्यांवर टांगली. संध्याकाळी दादाला व्हिडिओ कॉल लावला. दादा म्हणाला, "बाबा, मले नको ते लोढणं. इथी फ्लॅटमध्ये कुठी ठेवू? देऊन टाका सरकारले." बाबांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं. जमाच करू."

मी तिथेच बसले होते. त्यांच्यासमोर. कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माह्या नावावर करा," मी म्हणाले.

बाबा हसले. रागावले असते तर चाललं असतं, पण हसले. "बाई, बंदूक पोराच्या हाती जाते. रीत हाये ते. तू आता दुसऱ्या घरची."

माझं डोकं फिरलं. "दुसऱ्या घरची काय? तुमचा रोवणा कोन लावते? डुकरं बांधीत शिरली त् फोन कोनाले करता, हैदराबादले का मले? वनखात्याच्या दारात नुकसानीसाठी कोन उभं राह्यते? तवा नाई दिसत दुसरं घर? बंदूक तोडून टाकाले चालते, पोरीले द्याले नाई चालत?"

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "दोघंबी भांडा. तवा तापून राह्यला, भाकर करपली त् मले नका सांगू."

  शेवटी बाबा म्हणाले, "पहिले साफ तरी करून दाखव. नुसती पुसाची नाई, आतून. मंग पाहू." आणि बंदूक भिंतीवरून काढून त्यांनी ती खाटेवर ठेवली. माझ्या हातात दिली नाही. खाटेवर ठेवली, म्हणजे काही बोलावं लागत नाही. हे माझ्या लक्षात आलं आणि मी ते लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. सकाळीच अंगणात पोतं अंथरलं, गोडेतेल घेतलं, जुनं लुगडं फाडून चिंध्या केल्या. बाबा खुर्ची टाकून परीक्षकासारखे बसले. आधी गज काढायचा होता. तो नळीखालच्या खोबणीत असतो, पण गंजून तिथेच चिकटला होता. आजोबांनंतर त्याला कुणी हलवलंच नसावं. तेल सोडलं, ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. शेवटी करकर करत तो निघाला तेव्हा मी घामानं न्हाले होते आणि मला विलक्षण आनंद झाला होता.

गजाच्या टोकाकडे एक खाच होती. "हे कायले?" मी विचारलं.

"ते माप हाये," बाबा म्हणाले. "गज नळीत टाकला अन् खाच नळीच्या तोंडाशी आली, का रिकामी. खाच वर राह्यली, का आत माल हाये. तुहा आजा रोज पाहे."

मी गजाला चिंधी बांधायच्या आधी तो नुसताच नळीत सोडला. गेला, गेला आणि टक करून थांबला. खाच वर राहिली. चांगली चार बोटं वर.

मला वाटलं, आत कचरा असेल, कुंभारमाशीनं माती भरली असेल. गज उचलून पुन्हा सोडला. टक. मातीवर असा आवाज येत नाही. मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठले होते. त्यांनी गजावर स्वतःची चार बोटं ठेवली आणि मोजून पाहिली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "खाली ठेव. तोंड जंगलाकडे करून ठेव."

"काऊन?"

"भरली हाये."

हे शब्द त्यांनी जन्मभर म्हटले होते, पण या वेळी ते रीत म्हणून म्हणाले नव्हते.  आजोबांच्या हातची दारू आणि गोळी, माझ्या जन्माच्या आधीपासून त्या नळीत बसून होती.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. काय झालं ते तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती ओट्यावर बसली. "म्हंजे मी एवढे वर्सं तिच्या खाली चूल पेटवून राह्यली?" ती म्हणाली. "पापड तळले. दिवाळीचे अनारसे तळले. अन् तुमी दोघं बापलेक तिले तेल पुसत होते?"

"टोपी नव्हती नं वर," बाबा म्हणाले. "टोपीबिगर नाई उडत."

"मले नका शिकवू. चूल काय कमी हाये उडवाले?"

 बाबा हसायला लागले, आणि हसता हसता एकदम थांबले. त्यांना आठवलं होतं. दवंडीच्या आदल्या संध्याकाळी धानात डुक्कर आलं होतं आणि आजोबांनी बंदूक भरली होती, हे बाबांनी स्वतः पाहिलं होतं. डुक्कर परत गेलं, सकाळी दवंडी आली. आमच्या घरचा दुसरा जुना कायदा असा, की भरलेली बंदूक कधी ओतून रिकामी करायची नाही. ती वाजवूनच रिकामी होते. सरकारनं सांगितलं, वाजवू नका. घरानं सांगितलं, ओतू नका. आजोबांनी दोन्ही कायदे पाळले आणि बंदूक टांगून ठेवली. असला हेका आमच्याच घराण्यात निघायचा.

आणि त्यांनी लपवलं मुळीच नव्हतं. उलट विचारेल त्याला, हातात घेईल त्याला, ठाण्यात टेबलावर ठेवताना पोलिसांनासुद्धा ते खरं तेच सांगत होते. भरली हाये. आम्हीच त्याला रीत समजत होतो.

"जाताना मले म्हनले," बाबा म्हणाले. "खाटेवर होते. नीट बोलता येत नव्हतं. भिंतीकडे बोट केलं अन् म्हनले, भरली हाये. मी म्हनलो, भरली घेतली. मले वाटलं बंदूक देऊन राह्यले. ते त् बाप्पा मले सांगून राह्यले होते." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग पुन्हा हसले. मीही हसत होते, रडतही होते, आणि आई दोघांकडे बघून म्हणाली, "येडे झाले दोघंबी."

नंतर बाबांच्या डोक्यात जे आलं त्यानं माझं हसू पळालं. ते म्हणाले, "टोपी असन कुठी तरी डब्यात. वाजवून टाकू बांधीत."

"हातात फुटन नं ते!" मी ओरडले. गाडीत मागच्या बाकापर्यंत जातो तो आवाज. "एवढ्या वर्सांचा गंज. नळी फाटली त् तुमचं तोंड राहीन का जागेवर? पानी टाकू आत."

"पानी टाकशीन त् मेली ते. आजाची दारू हाये ते." ते तरण्या पोरासारखे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत इतकी मजा मी पुष्कळ वर्षांत पाहिली नव्हती. म्हणून मी पाणी टाकलं नाही. पण त्यांचंही ऐकलं नाही. ठाण्यात फोन लावला.

फोन हवालदारांनी उचलला. मी सांगितलं.  ते म्हणाले, "बाई, मस्करी नका करू. ते बंदूक कालपर्यंत माह्या कोपऱ्यातल्या टेबलाखाली होती. मी तिच्यावर पाय ठेवून डबा खाल्ला."

"आमचे बाबा सांगत होते नं तुमाले. दरवेळी."

"सांगत होते," ते म्हणाले, आणि फोन ठाणेदारांकडे गेला.

ठाणेदारांनी सांगितलं, कुणी हात लावू नका. दुपारी जीप आली. तोवर गावात बातमी फिरली होती आणि आमच्या अंगणाला जत्रेची कळा आली होती. जिल्ह्याच्या ठिकाणाहून हत्यारं दुरुस्त करणारे एक साहेब आले होते, चष्मेवाले, फार कमी बोलणारे. त्यांनी गज टाकून पाहिला, नळीच्या मागच्या बारीक भोकात तार घालून पाहिली. गजाच्या टोकाला स्क्रू लावून गोळी ओढून काढायचा प्रयत्न केला. वरचा बोळा कधीच विरला होता, पण गोळी गंजात घट्ट बसली होती. मग ते म्हणाले, "निघत नाही. दारू कोरडी दिसते. लांबून दोरीनं उडवावी लागेल. नळी टिकली तर टिकली. फुटली तर बंदूक गेली."

इतका वेळ मला सगळी मजाच वाटत होती.  पण फुटली तर कुणाच्या नावावर करायला काही उरणारच नव्हतं. बाबा माझ्याकडे बघत होते. मला वाटतं, त्यांच्याही मनात तेच होतं.

गावाबाहेर मुरमाची जुनी खदान आहे. तिथे वरात निघाली. पुढे हवालदार, बंदुकीचं तोंड आभाळाकडे करून, भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखे मोजून पावलं टाकत. मागे ठाणेदार, मग बाबा, मी, आई, आणि त्यामागे अख्खं गाव. हवालदार मध्येच मान वळवून म्हणायचे, "मागं राहा रे बाप्पा, मागं राहा." मी ते काम हाती घेतलं. "चला, मागं सरका, दगडाच्या पलीकडे," म्हणत मी असं काही खडसावलं, की एक म्हातारी सवयीनं म्हणाली, "बाई, एक हाफ तिकीट."

खदानीच्या भिंतीसमोर मुरमानं भरलेली पोती रचली. त्यांच्यामध्ये बंदूक जुन्या टायरला आवळून बांधली. चष्मेवाल्या साहेबांनी टोपी बसवली, घोडा चढवला, चापाला दोरी बांधली आणि ती सोडत सोडत आमच्यापर्यंत आणली. लोकांत दोन तट पडले होते. फुटते म्हणणारे आणि नाही फुटत म्हणणारे. आई फुटते म्हणणाऱ्यांत होती.

"दोरी मी ओढतो," साहेब म्हणाले.

"परवाना माह्या नावावर हाये," बाबा म्हणाले. "मी ओढीन."

साहेबांनी ठाणेदारांकडे पाहिलं. ठाणेदार म्हणाले, "ओढू द्या. इतक्या लांबून काय होणार आहे."

बाबांनी दोरी हाताला गुंडाळली. हात थरथरत होता, पण दोरीला त्याचं काय. त्यांनी ओढली. टक. नुसती टोपी फुटल्याचा आवाज.  कुणी तरी म्हणालं, "मेली वाटते." माझ्या मनात आलं, संपलं. आजोबांची दारू माती झाली. साहेबांनी सगळ्यांना तसंच बसवून ठेवलं, कधी कधी आग आत धुमसत राहते म्हणाले. बराच वेळ गेल्यावर ते एकटेच उठून गेले. मागच्या बारीक भोकातून त्यांनी चिमूटभर नवी दारू आत सरकवली, नवी टोपी बसवली आणि परत आले.

"आता ओढा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खदानीकडे पाहिलं, आणि ओढली.

फुस्स असा बारीक आवाज आला आणि क्षणभर काहीच झालं नाही. तेवढ्यात ती वाजली. बापरे, काय वाजली. फटाका नाही, सुरुंग नाही, छातीत आतून कुणी तरी ठोसा मारावा असा आवाज. खदानीच्या भिंतीतून मुरूम खळखळ खाली आला. पांढरा धूर एवढा उठला की पोती दिसेनात. आवाज जंगलात गेला आणि तिकडून मोर ओरडले, वानरं ओरडली, आणि मग गाव ओरडलं. मी उड्या मारत होते. पन्नाशीची बाई, पोलिसांसमोर, उड्या मारत होते. आई कानावरचे हात न काढता विचारत होती, "फुटली का? फुटली का?"

धूर विरला. साहेब धावत गेले, बाबा त्यांच्या मागे. साहेबांनी नळीवरून बोट फिरवलं, वाकून जवळून पाहिली, पुन्हा बोट फिरवलं. "टिकली," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. "एक चीर नाही. बनवणारा माणूस कोण होता कोणास ठाऊक." त्यांनी गज आत सरकवला. तो थेट तळापर्यंत गेला आणि खाच बरोबर नळीच्या तोंडाशी येऊन थांबली. "रिकामी," त्यांनी ठाणेदारांना ओरडून सांगितलं. सगळ्या गावानं ऐकलं.

बाबांनी टायरच्या दोऱ्या सोडल्या आणि बंदूक उचलली. तोंड आभाळाकडे. साहेबांनी ती घ्यायला हात पुढे केला, कारण जप्तीत नाही पण तपासणीला ती ठाण्यात जायची होती. बाबा त्यांच्या बाजूनं पुढे निघून आले. ठाणेदारांच्याही पुढे आले. ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दारूचा उग्र वास त्यांच्या कपड्यांना येत होता. त्यांनी दोन्ही हातांनी बंदूक माझ्यापुढे धरली.

"भरली हाये," बाबा म्हणाले.

"अहो, रिकामी आहे आता," मागून साहेब म्हणाले. "मी आत्ताच पाहिली."

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. ते थांबले होते. रोज भरलेल्या गाडीत ओरडणारा माझा आवाज त्या वेळी कुठे गेला कुणास ठाऊक. मी हात पुढे केले. बंदूक वाटली होती त्यापेक्षा जड होती आणि नळी अजून कोमट होती.

"भरली घेतली," मी म्हणाले. फक्त बाबांना ऐकू गेलं असेल, पण तेवढं पुरे होतं.

आई म्हणाली, "घेतली त् घेतली, पन माह्या चुलीवर नाई टांगाची."

मी बंदूक खांद्याला लावून, तोंड आभाळाकडे धरून जीपपर्यंत गेले. वाटेत लोकांनी रस्ता दिला. हवालदार मागचं दार उघडून उभे होते. मी बंदूक दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाले, "भरली हाये."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नळीखालचा गज काढून नळीत सोडला, खाच नीट बघितली, गज परत जागेवर ठेवला. मग दोन्ही हात पुढे केले.

"भरली घेतली, बाई," ते म्हणाले.